लाकडी टांग्याचे प्रायमर आणि रंगकाम : नाशिकच्या हवेत टिकेल अशी पद्धत

नाशिक शहर आणि नाशिकरोड स्थानक यांच्या दरम्यान १८८९ साली सुरू झालेली ट्राम १९३०च्या दशकात बंद पडली. टांगा मात्र त्यानंतरही कित्येक दशके या रस्त्यावर धावत होता. त्यांतले काही टांगे आज जुन्या वाड्यांच्या पडवीत, मळ्यातल्या शेडमध्ये किंवा एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात उभे आहेत आणि त्यांचे मालक ते पुन्हा रंगवून घेण्याच्या विचारात असतात. हा लेख अशा मालकांसाठी, तसेच हे काम प्रथमच हाती घेणाऱ्या रंगाऱ्यांसाठी आहे. यातली पद्धत दमणी (बैलांची हलकी गाडी), बग्गी किंवा लाकडी सांगाड्याची जुनी मोटार यांनाही जवळजवळ तशीच लागू पडते. टांगा उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण त्यात साग, बाभूळ आणि लोखंड या तिघांशी एकाच वेळी गाठ पडते.

अशा कामात सर्वाधिक नुकसान होते ते मोटारीच्या रंगकामाची पद्धत लाकडावर वापरल्यामुळे. गॅरेजमधल्या रंगाऱ्याचा हात पत्र्यावर बसलेला असतो. पत्रा उन्हात किंचित प्रसरण पावतो, पण हवेतल्या दमटपणाशी त्याला काही देणेघेणे नसते. लाकूड मात्र पावसाळ्यात रुंदीच्या दिशेने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो, परंतु वीस सेंटीमीटर रुंदीची सागाची उघडी फळी दोन ऋतूंमध्ये एक ते दोन मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. दोन फळ्यांच्या सांध्यावर मोटारीचे कडक पॉलिएस्टर फिलर भरून वर टणक लॅकर मारला, तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या सांध्याच्या रेषेवर सरळ चीर पडते, चिरेतून पावसाचे पाणी आत जाते आणि रंगाखाली कोंडून राहते. जलद वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आला तो १९२३-२४ च्या सुमारास, ‘ड्यूको’ या नावाने. त्याआधी घोडागाड्या आणि मोटारी तेलरंगाचे आणि व्हार्निशचे अनेक हात देऊन, आठवडेच्या आठवडे खर्चून रंगवल्या जात. रंग तासाभरात वाळावा ही गरज कारखान्यातल्या उत्पादनाची होती. घरच्या टांग्याला ती घाई नाही, म्हणून या लेखात शिफारस आहे ती तेलावर आधारलेल्या, थोडा लवचीकपणा राखणाऱ्या प्रायमरची आणि इनॅमलची. टांगा काचेच्या पेल्यासारखा एकसंध दिसावा हा हट्टही आरंभीच सोडून द्यावा. फळ्यांचे सांधे दिसणारच, आणि दिसले तरच ते वाहन लाकडाचे आहे हे कळते.

कामाचा हंगाम

रंगकाम कधी करायचे हे नाशिकमध्ये पंचांगाइतकेच हवा ठरवते. जून ते सप्टेंबर हे महिने सुतारकामाला आणि लोखंड साफ करायला वापरावेत. प्रायमरच्या डब्याचे झाकणही या काळात उघडू नये. पाऊस संपला म्हणजे लाकूड लगेच वाळले असे होत नाही. टांगा छपराखाली, चारही बाजूंनी वारा खेळेल अशा जागी, विटांवर किंवा ठोकळ्यांवर उचलून किमान चार ते सहा आठवडे ठेवावा. ऑक्टोबरच्या कडक उन्हात तो ‘लवकर सुकावा’ म्हणून उघड्यावर ओढणे हा घातकी उपाय आहे, कारण वरचा थर झपाट्याने आकसतो, आतला भाग ओलाच राहतो आणि फळी तडकते.

लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आल्यावर प्रायमरला हात घालावा. दोन सुया टोचून ओलावा दाखवणारे छोटे मीटर आता सहज मिळते आणि एवढ्या कामासाठी ते घेणे योग्यच ठरते. मीटर नसेल तर टांग्याची सहज सुटणारी एखादी फळी, बहुधा बैठकीखालच्या पेटीचे झाकण, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर तीन-चार दिवसांनी तोलावी आणि वजन लिहून ठेवावे. आकडा उतरत असेल तोवर पाणी बाहेर पडत आहे. लागोपाठ दोन-तीन वेळा तोच आकडा आला की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे समजावे. चाकांचे जाड भाग पातळ फळीपेक्षा सावकाश वाळतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष रंगासाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. त्यातही पहाटेचे दव आणि थंडी यांचा हिशेब ठेवावा लागतो. निफाडकडे तर डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि दहा अंशांखाली तेलरंग नीट वाळत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ धरावी. त्यानंतर मारलेल्या हातावर रात्रीचे दव बसले, तर चकाकी मरून रंग पांढुरका दिसू लागतो. मार्चपासून दुपारचा वारा धूळ घेऊन येतो आणि इनॅमल ब्रशखालीच ओढू लागते. ज्यांना टांगा गुढीपाडव्याला किंवा चैत्रातल्या रथोत्सवाच्या सुमारास बाहेर काढायचा आहे, त्यांनी दिवाळी आटोपताच कामाला लागावे; होळीनंतर सुरू केलेले काम घाईचेच होते.

जुना रंग वाचणे

खरवडण्यापूर्वी नोंद करावी. सर्व बाजूंनी छायाचित्रे, रेघांच्या जाडीची आणि अंतरांची मापे, मागच्या फळीवर परवान्याचा क्रमांक किंवा मालकाचे नाव असल्यास त्याचा ट्रेसिंग कागदावर उतारा, एवढे तरी हाती असावे. यानंतर पाऊस-उन्हापासून वाचलेली एखादी जागा शोधावी. बैठकीखालची कड किंवा लोखंडी पट्टीच्या आडोशाची जागा चांगली. तिथे ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, बोटाच्या टोकाखाली धरून, नाण्याएवढ्या जागेत गोल गोल घासत जावे. रंगाचे थर एकामागून एक उघडे पडतात आणि लहानसा खळगा तयार होतो. त्याच्या कडेने वर्तुळे दिसू लागतात. बाहेरचे वर्तुळ अलीकडच्या चकचकीत हिरव्याचे असेल, त्याच्या आत विटकरी तांबडा, त्याच्या आत एक पिवळसर पारदर्शक कडा, ती जुन्या व्हार्निशची, मग गडद निळा, करडा अस्तर आणि मध्यभागी सागाचा तपकिरी ठिपका. व्हार्निशच्या कडेखाली जो रंग असतो तो बहुधा कुणीतरी मनापासून, पूर्ण पद्धतीने दिलेला रंग असतो. टांगा मूळ रूपात आणायचा असेल तर तोच नमुना धरावा. निदान एक असा खळगा पुढच्या माणसासाठी न रंगवता, आतल्या बाजूला, तसाच राखून ठेवावा.

सगळा जुना रंग काढलाच पाहिजे असे नाही. धारदार पात्याने रंगावर जाळीसारख्या उभ्या-आडव्या चिरा पाडाव्यात, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. रंगाचे तुकडे पट्टीबरोबर आले नाहीत, तर तो थर लाकडाला धरून आहे आणि त्याच्यासारखे अस्तर नव्याने देता येणार नाही. तो घासून खरखरीत करावा आणि ठेवावा. जिथे पापुद्रे सुटले आहेत तेवढीच जागा लाकडापर्यंत न्यावी.

शिशाचा प्रश्न

जुन्या टांग्याच्या रंगात शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे. लोखंडावर आणि सांध्यांत भरलेला शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. पांढऱ्या रंगातला जुना सफेदा शिशाचा. रेघांचा झळझळीत क्रोम पिवळाही शिशाचाच. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांबद्दल कसलीच हमी नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, त्यावर सँडर मशीन चालवू नये आणि ब्लो लॅम्पने तर मुळीच जाळू नये, कारण धूळ आणि धूर दोन्ही थेट छातीत जातात. वॉटर पेपरने, पृष्ठभाग ओलसर ठेवून पण पाणी ओतून नव्हे, घासावे. धुळीच्या कणांसाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा, बदलत्या फिल्टरचा मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरावे, पडलेला चिखल त्यातच गुंडाळून घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. तो गटारात, नदीत किंवा बागेच्या मातीत जाता कामा नये. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत आणि लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावे.

टांगा खरोखर जुंपायचा असेल तर आणखी एक कारण आहे. उभा राहून कंटाळलेला घोडा दांड्या चाटतो, कुरतडतो; शिसे त्यालाही विषारीच. दांड्यांवरचा जुना रंग ठेवायचा की काढायचा हा प्रश्न मग उरत नाही.

रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याची पद्धत दारे-खिडक्यांच्या कामात दिसते. ती इथे टाळावी. सोडा लाकडाच्या रंध्रांत शिरतो, सागाला काळवंडवतो आणि कितीही धुतले तरी मागे राहून पुढच्या तेलरंगाला खातो.

लोखंड आणि सुतारकाम

पायदान, कंदिलाच्या कड्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या, टपाच्या कमानी असे जे सुटते ते सर्व सोडवावे आणि प्रत्येक नगाला चिठ्ठी बांधावी. गंजलेला बोल्ट जोर लावून पिळण्याऐवजी भेदक तेल टाकून रात्रभर ठेवावा. लाकडात रुतलेले जुने खिळे उपटल्याने फळी फुटणार असेल, तर खिळा एक-दोन मिलिमीटर आत ठोकून वरचा खड्डा नंतर भरावा.

लोखंड तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत साफ करून त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर द्यावा. महत्त्वाची गोष्ट अशी की पट्टीची लाकडाला टेकणारी बाजू आणि पट्टीखालचे लाकूड, या दोन्हींना बसवण्यापूर्वीच रंग मिळाला पाहिजे. बाभळीत टॅनिन, म्हणजे लाकडातले तुरट द्रव्य, भरपूर असते. ओल लागली की उघड्या लोखंडाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा डाग उमटतो आणि तो हलक्या रंगातून वर येत राहतो. कुजकी फळी ओळखायला पटाशीचे टोक पुरते. टोक दाबताच मऊ रुतले तर तो भाग कापून काढावा आणि जुन्या सागाचाच तुकडा तिरक्या सांध्याने बसवावा. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे सरस किंवा इपॉक्सी लावण्याच्या थोडे आधी सांधा थिनरने पुसून घेतला पाहिजे.

चाकांचा निकाल रंगाआधी लावावा. आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, हलत असतील, परिघाचे पुठे एकमेकांपासून सुटले असतील किंवा चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल वाजत असेल, तर चाक लोहाराकडे जाऊ द्यावे. धाव तापवून बसवताना भोवतालचे लाकूड करपते आणि वर पाणी पडते, त्यामुळे आधी दिलेला रंग फुकटच जातो. पूर्वी उन्हाळ्यात सैल झालेली चाके पाण्यात बुडवून फुगवत असत. ती युक्ती एका दिवसाच्या प्रवासापुरती ठीक होती. रंगवायच्या चाकाला ती करू नये.

घासणी

उघड्या लाकडाला ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२० आणि शेवटी १५०-१८० पर्यंत यावे. नेहमी रेषांच्या दिशेने घासावे, कारण आडवे ओरखडे रंगाच्या तिसऱ्या हातानंतरही दिसतात. १८० च्या पुढे जाऊन लाकूड गुळगुळीत करण्यात काही लाभ नाही; प्रायमरला पकड हवी असते. फळ्यांच्या आणि दांड्यांच्या तीक्ष्ण कडा दोन मिलिमीटरभर गोलसर कराव्यात. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ पडतो, आणि सोलायला सुरुवात नेमकी तिथूनच होते. मात्र जुन्या सुताराने कोरलेली गोल पट्टी किंवा खाच असेल तर तिथे मशीन न लावता, पेपर काडीभोवती गुंडाळून हाताने काम करावे.

प्रायमर

या सगळ्या कामात एकच टप्पा अगदी मनासारखा करायचा असेल तर तो हा असावा. वरचा रंग दहा वर्षांनी बदलता येतो. प्रायमर सुटला तर सगळेच खरवडावे लागते.

प्रायमर तेलावर आधारलेला, लाकडासाठीचाच घ्यावा. पाण्यात मिसळणारे प्रायमर लाकडाचे तंतू उभे करतात आणि सागाच्या तेलकटपणावर त्यांची पकड तुलनेने कमी असते. साग फार तेलकट असेल, म्हणजे कागदावर घासल्यावर कागद पारदर्शक होत असेल, तर ॲल्युमिनियमयुक्त वुड प्रायमर अधिक चांगला; तेलकट आणि राळयुक्त लाकडांसाठीच तो बनवतात. एक लिटर प्रायमर घासलेल्या लाकडावर एका हाताला साधारण ८ ते १० चौरस मीटर पुरतो, आणि टांग्याचा आतून, खालून, चाकांसकट हिशेब केला तर पृष्ठभाग दिसतो त्यापेक्षा बराच जास्त भरतो. म्हणून फूटपट्टीने मोजूनच खरेदी करावी.

सुरुवातीला धूळ झटकून, पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर घेऊन सागाचे भाग पुसावेत. फडक्यावर पिवळसर तपकिरी डाग उठतो. तो उठणे थांबेपर्यंत फडके बदलत राहावे. पुसल्यावर अर्ध्या-पाऊण तासात प्रायमर लागला पाहिजे, कारण सागाचे तेल पुन्हा वर येते. गाठींवर चपडा लाखेचा स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ हात द्यावा, नाहीतर गाठीतून झिरपणारा डाग रंगावर येतो.

प्रायमरचा पहिला हात पातळ हवा. डबा तळापासून पाच मिनिटे ढवळावा, मग लागेल तेवढाच दुसऱ्या भांड्यात काढून त्यात दहा टक्क्यांपर्यंत टर्पेंटाइन मिसळावे. तो लाकडाने प्यायला पाहिजे, वर साय धरून बसायला नको. फळ्यांची टोके, म्हणजे जिथे तंतू कापले गेलेले असतात तो भाग, पाणी सर्वांत वेगाने शोषतो. त्या टोकांना ब्रशने टोचत टोचत प्रायमर पाजावा. दहा मिनिटांत जागा पुन्हा कोरडी दिसली की पुन्हा पाजावा, आणि पिणे थांबले की जास्तीचा पुसून घ्यावा. आऱ्यांची तुंब्यात शिरणारी मुळे, दांड्यांची टोके आणि पायठाणाच्या फळीचे काठ या जागा अशाच आहेत. सांध्यांत अरुंद ब्रशने आतपर्यंत प्रायमर न्यावा, पण तो साचून सांधा बुजू देऊ नये.

प्रत्येक फळीच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात मिळाले पाहिजेत. दर्शनी बाजूला पाच थर आणि खालची बाजू उघडी असे ठेवले, तर खालून ओल आत-बाहेर होत राहते आणि फळी वाकते. टांग्याचा तळ कुणी बघत नाही हे खरे. पण चिखल आणि पाणी उडते ते तिथेच.

हिवाळ्यात पहिला हात पूर्ण चोवीस तास वाळू द्यावा. नखाने दाबल्यावर खूण उमटत असेल तर आणखी एक दिवस थांबावे. मग २२० नंबरने हलकेच घासावे. पेपरवर कोरडी पांढरी भुकटी आली पाहिजे. गोळ्या होऊ लागल्या तर प्रायमर अजून कच्चा आहे.

लुकण, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरायचे ते या पहिल्या हातानंतर. उघड्या लाकडावर भरले तर लाकूड त्यातले तेल शोषून घेते आणि मागे नुसती भुकटी उरते. चॉक पावडर आणि डबल बॉइल्ड जवसाचे तेल मळून केलेले जुन्या पद्धतीचे लुकण आजही या कामाला उत्तम आहे. त्यात थोडा प्रायमर घातला की ते लवकर धरते. हाताला न चिकटता आकार राखेल इतके घट्ट मळावे. खिळ्यांचे खड्डे, किड्यांची भोके आणि ओरखडे पात्याने दाबून भरावेत. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये, खोल खड्डा दोन-तीन दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने भरावा. फळी आणि फळी यांच्यामधला सांधा मात्र भरू नये. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी टांग्याजवळ आणूसुद्धा नये. ती लाकडाबरोबर हलत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. जवसाचे तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ती फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच ती पसरून उघड्यावर वाळत घालावीत किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवावीत. शेडमध्ये गवताची गंजी असेल तर याबाबत हयगय करूच नये.

लुकण वाळून २२० ने समतल झाले की प्रायमरचा दुसरा हात द्यावा, या वेळी जवळजवळ न पातळ करता. हा वाळल्यावर एक बल्ब जमिनीजवळ, फळीला समांतर धरून पाहावे. तिरप्या उजेडात राहिलेले खड्डे आणि उंचवटे सावली टाकतात. ते आत्ताच दुरुस्त करावेत, कारण चकाकता रंग दोष झाकत नाही, उलट ठळकपणे दाखवतो.

रंगाचे हात

प्रायमरवर अंतिम रंगाला जुळणारे मंद अस्तर द्यावे. गडद निळ्या किंवा हिरव्याखाली करडे, तांबड्याखाली विटकरी किंवा गुलाबीसर. ते ३२० ने घासून मगच इनॅमल. ओले घासायचे असेल तर जिथे लाकूड पूर्ण झाकलेले आहे तिथेच, आणि पिळलेल्या फडक्याइतक्याच ओलीने.

फवारणी की ब्रश, हा प्रश्न विचारला जातोच. माझे मत ब्रशच्या बाजूने आहे. आऱ्यांच्या चाकावर फवारलेल्या रंगातला मोठा भाग मोकळ्या जागेतून वाया जातो, आणि उघड्या अंगणात फवारणी म्हणजे धुळीला आमंत्रण. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत चांगल्या स्प्रे बूथची सोय आहे, पण तिथे बहुधा दोन घटकांचे पॉलियुरेथेन वापरतात. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तो थर टणक असल्यामुळे सांध्यांवर पुन्हा तीच चिरेची भानगड.

ब्रश नरम केसांचा, ५० मिलिमीटर रुंदीचा आणि आऱ्यांसाठी २५ मिलिमीटरचा असावा. नवा ब्रश आधी अस्तरावर वापरून त्याचे सुटे केस काढून टाकावेत. इनॅमल मलमलीतून गाळून घ्यावे. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ दाबावी, पंखा बंद ठेवावा. एका वेळी एकच फळी पूर्ण करावी: आधी रेषांच्या दिशेने रंग लावावा, मग आडवा पसरावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच, एकाच दिशेने ओढून सोडून द्यावा. ओढून झाल्यावर मागे जाऊन ‘जरा इथे’ असे करू नये, ब्रशच्या खुणा तिथेच राहतात. ट्यूबलाइटखाली संध्याकाळी रंग मारण्याचा मोह आवरावा. दिव्यावरचे चिलटे ओल्या रंगात येऊन बसतात.

चाक ठोकळ्यावर उचललेल्या आसावर मोकळे फिरेल असे ठेवावे. तुंब्यापासून सुरुवात करून, आऱ्यांच्या आतल्या बाजू, मग समोरच्या आणि शेवटी पुठे, असा क्रम ठेवावा, आणि रंग घट्ट होईपर्यंत दर काही मिनिटांनी चाक पाव फेरा फिरवत राहावे. असे केले नाही तर प्रत्येक आऱ्याच्या खालच्या टोकाला थेंब लोंबतो. वंगणाची जागा आणि धावेची रस्त्याला टेकणारी बाजू रंगवू नये.

दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच चांगले. टांग्याला तीन द्यावेत. प्रत्येक दोन हातांत किमान चोवीस तास आणि ३२०-४०० ची हलकी घासणी हवी. रंग निवडताना एप्रिलचे ऊन डोळ्यांपुढे आणावे. काळी किंवा गडद निळी फळी उन्हात फिकट फळीपेक्षा पुष्कळ तापते आणि तिचे सांधे तितके जास्त हलतात. टांगा बहुतेक काळ उन्हात उभा राहणार असेल तर मोठ्या फळ्यांना मध्यम छटा आणि गडद रंग चाके-दांड्यांना, ही वाटणी व्यवहार्य ठरते.

रेघा, अक्षरे आणि व्हार्निश

रेघा ओढणे हे वेगळेच कसब आहे आणि ते स्वतः शिकत टांग्यावर प्रयोग करण्यापेक्षा हाताने पाट्या रंगवणारा जुना पेंटर गाठावा. फ्लेक्सच्या काळात असे हात कमी झाले आहेत, पण संपलेले नाहीत. त्याला सुरुवातीच्या नोंदीतली मापे आणि अक्षरांचा उतारा द्यावा. खालचा रंग किमान चार-पाच दिवस वाळलेला असावा. म्हणजे चुकलेली रेघ टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्याने लगेच पुसली तरी खालचा थर उठत नाही. रेघेसाठी लांब केसांचा अरुंद ब्रश लागतो: तो पूर्ण लांबीने फळीवर टेकवून, करंगळी कडेवर सरकवत, श्वास न तोडता एका ओढीत रेघ पुरी करतात. चिकटपट्टी लावून ओढलेली रेघ सरळ येते, पण तिच्या दोन्ही कडांना उंचवटा राहतो आणि जुन्या कामाशेजारी ती परकी दिसते.

व्हार्निश सर्वांनाच आवश्यक नाही. छपराखाली राहणाऱ्या टांग्याला चांगले इनॅमल पुरते. रेघा आणि अक्षरे वाचवायची असतील, किंवा बैठकीचे कठडे नैसर्गिक सागाच्या रूपातच ठेवायचे असतील, तर सूर्यकिरणांना रोखणारे, बाहेरच्या वापराचे लवचीक व्हार्निश दोन पातळ हातांत द्यावे. इनॅमलवर ते द्यायचे असल्यास आठ-दहा दिवस थांबून आणि आधी तळाच्या बाजूला चाचणी घेऊन. व्हार्निश पांढऱ्या आणि निळ्या रंगावर पिवळसर झाक आणते, हे मालकाला आधीच सांगितलेले बरे.

जोडणी आणि पुढची देखभाल

इनॅमल हाताला कोरडे लागते त्यानंतरही ते आतून टणक व्हायला दोन-तीन आठवडे घेते. तोवर लोखंडी पट्ट्या घट्ट आवळू नयेत, टपाचे कातडे किंवा कॅनव्हास ओल्यासारख्या रंगावर टेकवू नये आणि पाण्याने धुऊ नये. बोल्ट बसवताना त्यांच्या भोकांत ब्रशने प्रायमर फिरवावा. लाकडात पाणी शिरण्याची ही सर्वांत दुर्लक्षित वाट आहे. आवळताना रंग चेपला तर त्या कडेला लगेच एक बारीक हात द्यावा.

पावसाळ्यात टांग्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये. आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. जाड सुती ताडपत्री, तीही बांबूंवर वर उचलून, बाजू मोकळ्या ठेवून घालावी. पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमारास सर्व सांधे, फळ्यांची टोके आणि आऱ्यांची मुळे तपासावीत. केसासारखी चीर दिसली तर ती वाळू द्यावी, २२० ने घासावी, पातळ प्रायमर आत सोडावा आणि वर त्याच डब्यातल्या रंगाचा एक हात द्यावा. त्यासाठी प्रत्येक रंगाचा अर्धा पाव तरी लहान, काठोकाठ भरलेल्या बाटलीत राखून ठेवावा आणि बाटलीवर कंपनी, छटा क्रमांक, तारीख आणि तो रंग टांग्याच्या कोणत्या भागाचा आहे हे लिहावे.